साच्यातून उतरलेली विमाने

प्रमाणबद्ध विमान-प्रतिकृती म्हणजे खऱ्या विमानाची सर्व मापे एकाच गुणोत्तराने लहान करून घडवलेली, उडवण्यासाठी नव्हे तर पाहण्यासाठी आणि अभ्यासण्यासाठी असलेली वस्तू. भारतात एअरोमॉडेलिंग म्हटले की एनसीसीच्या हवाई शाखेत शिकवली जाणारी, बाल्सा लाकडाची उडती विमाने प्रथम डोळ्यांसमोर येतात. परंतु या लेखाचा विषय त्यांच्याहून वेगळा, म्हणजे प्लॅस्टिकच्या सुट्या भागांच्या संचातून जोडल्या जाणाऱ्या स्थिर प्रतिकृतींचा आहे. उडत्या प्रतिकृतीला हवेचे नियम पाळावे लागतात आणि त्यासाठी रूपाशी तडजोड करावी लागते, तर स्थिर प्रतिकृतीला फक्त मूळ विमानाशी प्रामाणिक राहायचे असते. ही सोय वाटत असली तरी प्रत्यक्षात अटच कडक आहे, कारण येथे चूक झाकायला उड्डाणाचे निमित्त उरत नाही.

या छंदात सर्वाधिक रुळलेले प्रमाण १:७२ हे होय. ब्रिटिश मोजमापात एका इंचाला सहा फूट असा त्याचा हिशेब बसतो, आणि सहा फूट म्हणजे ढोबळमानाने एका उंच माणसाची उंची असल्यामुळे या प्रमाणातला वैमानिक सुमारे एक इंचाचा होतो. १९३२ मध्ये जेम्स हे स्टीव्हन्स यांनी ब्रिटनमध्ये ‘स्कायबर्ड्स’ या नावाने लाकूड आणि धातूच्या भागांचे संच याच प्रमाणात काढले. १९३६ मध्ये ‘फ्रॉग’ या ब्रिटिश नाममुद्रेने ‘पेंग्विन’ मालिकेद्वारे प्लॅस्टिकचे संच बाजारात आणले, तेव्हाही प्रमाण तेच ठेवले. हे प्लॅस्टिक सेल्युलोज ॲसिटेटचे होते आणि काळाबरोबर ते वाकडे होत जाई, त्यामुळे सरळ पंखांचे जुने पेंग्विन आज क्वचितच सापडते. दुसऱ्या महायुद्धाने या प्रमाणाला सरकारी मान्यता दिली. आकाशातले विमान आपले की शत्रूचे हे सावलीवरून ओळखण्याचे शिक्षण सैनिकांना द्यायचे होते, आणि त्यासाठी अमेरिकी नौदलाने १९४२ मध्ये शाळकरी विद्यार्थ्यांकडून पाच लाख लाकडी प्रतिकृती करवून घेण्याची मोहीम हाती घेतली. पुढच्या पिढीला जो छंद वाटला, त्याचे माप अशा रीतीने युद्धाच्या गरजेतून पक्के झाले होते.

युद्धानंतर या छंदाला घरोघरी नेण्याचे श्रेय प्रामुख्याने ज्या कंपनीकडे जाते, त्या एअरफिक्सचा विमानांशी मुळात काहीच संबंध नव्हता. हंगेरीतून आलेले उद्योजक निकोलस कोव्ह यांनी १९३९ मध्ये लंडनमध्ये स्थापन केलेली ही कंपनी आरंभी हवा भरायची रबरी खेळणी बनवीत असे. युद्धानंतर तिने इंजेक्शन मोल्डिंगचे यंत्र आणून प्लॅस्टिकचे कंगवे काढले, आणि काही काळ ती ब्रिटनमधली सर्वांत मोठी कंगवे-उत्पादक होती. १९४९ मध्ये फर्ग्युसन ट्रॅक्टरच्या जाहिरातीसाठी त्या ट्रॅक्टरची छोटी प्रतिकृती करण्याचे काम तिला मिळाले. ती जोडून देण्याचा खर्च परवडेना, म्हणून पुढे सुटे भागच विकायला सुरुवात झाली. १९५२ मध्ये वुलवर्थ या दुकानमालिकेच्या सूचनेवरून ‘गोल्डन हाइंड’ या जहाजाचा संच साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर कागदी पट्टी लावून, दोन शिलिंगांना विक्रीस ठेवण्यात आला. स्पिटफायर या लढाऊ विमानाचा संच त्यानंतर काही वर्षांतच आला. विमानाचा संच खपेल यावर खुद्द कोव्ह यांचा विश्वास नव्हता, असे कंपनीच्या इतिहासात सांगितले जाते. एका मोठ्या छंदाचा पाया, खर्च वाचवण्याच्या युक्तीवर आणि मालकाच्या नाराजीवर घातला गेला, ही गोष्ट उद्योगांच्या इतिहासात वाटते तितकी दुर्मीळ नाही.

या संचांचे तंत्र समजल्याखेरीज त्यांचा इतिहास कळत नाही. पॉलिस्टायरिन या प्लॅस्टिकचे दाणे सुमारे २०० ते २५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून वितळवले जातात आणि तो रस प्रचंड दाबाने पोलादी साच्याच्या दोन अर्धांमधल्या पोकळीत शिरवला जातो. रस प्रत्येक भागापर्यंत पोहोचावा म्हणून साच्यात नाल्या कोरलेल्या असतात. त्या नाल्यांतही प्लॅस्टिक गोठते आणि त्याची चौकट तयार होते, जिला छंदिष्ट मंडळी ‘स्प्रू’ म्हणतात. संच उघडल्यावर पंख, चाके, शेपटी असे सगळे भाग याच चौकटीला बारीक देठांनी लटकलेले दिसतात. गोठलेला माल साच्याबाहेर ढकलणाऱ्या खिळ्यांचे गोल ठसे भागांच्या आतल्या बाजूला उमटतात, जाड जागी प्लॅस्टिक थंड होताना आकसून खळगा पडतो, आणि साचा झिजला की दोन अर्धांच्या फटीतून रस बाहेर येऊन भागाच्या कडेला पातळ पापुद्रा धरतो. जाणकार माणूस संच हातात घेताच हा पापुद्रा पाहून साच्याचे वय अजमावतो.

या साऱ्यात प्लॅस्टिक स्वस्त असते आणि साचा महाग असतो. पोलाद कोरण्याचा खर्च हजारो संचांच्या विक्रीतूनच वसूल होत असल्यामुळे कोणते विमान प्लॅस्टिकमध्ये अवतरणार हे त्याच्या ऐतिहासिक महत्त्वापेक्षा त्याच्या ग्राहकसंख्येवर ठरते. म्हणूनच स्पिटफायर, मेसरश्मिट १०९ आणि मस्टँग यांचे संच पुन्हा पुन्हा निघतात, आणि ज्या मालवाहू किंवा प्रशिक्षण विमानांवर कित्येक देशांच्या हवाई दलांचा रोजचा कारभार चालला, ती उपेक्षित राहतात. छंदाच्या कपाटांवरून विमानविद्येचा इतिहास वाचू पाहणाऱ्याने ही गोम ध्यानात ठेवलेली बरी.

जोडणीचे काम वरवर सोपे दिसते. भाग चौकटीवरून कापायचा तो देठाच्या अगदी मुळाशी नव्हे, थोडे अंतर सोडून, कारण मुळाशी चिमटा लावला तर भागाचाच टवका उडण्याची भीती असते. उरलेले टोक मग धारदार पात्याने आणि बारीक पॉलिश पेपरने घासून काढायचे. विमानाचा धडाचा भाग बहुधा डावा आणि उजवा अशा दोन अर्धांत येतो, आणि ते मिटण्याआधी आतली वैमानिकाची बैठक, उपकरणांची पाटी आणि सुकाणूचा दांडा रंगवून बसवावा लागतो, कारण नंतर तेथे ब्रश पोहोचत नाही. पुढे चाक असलेल्या विमानांत याच वेळी नाकात शिशाचे छर्रे किंवा तत्सम वजन भरावे लागते. ते विसरले तर तयार झालेले विमान शेपटीवर बसते. दोन अर्ध एकमेकांना भिडवून फटीवर पातळ द्रावक ब्रशच्या टोकाने नुसता टेकवला की केशाकर्षणाने तो आपोआप आत ओढला जातो आणि दोन्ही कडांचे प्लॅस्टिक विरघळवून एकजीव करतो. हे चिकटवणे नसून एक प्रकारचे सांधकाम आहे, म्हणूनच पॉलिस्टायरिनला साधा गोंद चालत नाही. किंचित दाब दिल्यावर सांध्यातून विरघळलेल्या प्लॅस्टिकचा बारीक मणी वर येतो; तो वाळू द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी घासून सपाट करायचा, मग सांधा उरत नाही.

रंगकामानंतर चिन्हे येतात. हवाई दलांची वर्तुळे, क्रमांक आणि सूचनांची बारीक अक्षरे पातळ पारदर्शक पटलावर छापून कागदावर दिलेली असतात. त्यांना ‘डेकल’ म्हणतात. डेकल कापून काही क्षण कोमट पाण्यात ठेवले की कागदावरचा डिंक सुटतो आणि पटल बोटाच्या हलक्या ढकलीने कागदावरून विमानाच्या अंगावर सरकते. येथे नवशिक्याची हमखास फसगत होते. लष्करी रंग निस्तेज, म्हणजे सूक्ष्म खरखरीत असतो आणि त्या खाचांत अडकलेली हवा पटलाखाली चंदेरी चमकते. त्यामुळे आधी तकतकीत वार्निशाचा थर, त्यावर डेकल, ते पृष्ठभागावर बसवणारे मऊकारक द्रव्य आणि शेवटी पुन्हा निस्तेज वार्निश असा उलटसुलट क्रम पाळावा लागतो. यानंतर अनुभवी कारागीर इंजिनाच्या धुराचे डाग, तेलाचे ओघळ आणि पाय ठेवून ठेवून उडालेला रंग दाखवतो. कारखान्याच्या खुणा पुसायच्या आणि वापराच्या खुणा उमटवायच्या, असे या कलेचे दुहेरी स्वरूप आहे.

प्रमाण जपण्याची खरी अडचण मात्र हाताची नाही, भूमितीची आहे. स्पिटफायरच्या पंखांचा विस्तार ११.२३ मीटर आहे; १:७२ मध्ये तो सुमारे १५.६ सेंटिमीटर होतो, आणि येथवर गणित सरळ चालते. परंतु पंखाच्या प्लॅस्टिकची जाडी एक मिलिमीटर असेल, तर त्या हिशेबाने खऱ्या विमानाचा पत्रा ७.२ सेंटिमीटर जाड ठरेल. पत्र्यांमधल्या फटी दाखवण्यासाठी कोरलेली रेघ अवघी ०.२ मिलिमीटरची असली, तरी खऱ्या विमानावर ती दीड सेंटिमीटरच्या आसपास भरेल. जुन्या संचांत या रेघा उठावाच्या असत, कारण साच्याच्या पोलादात खाच कोरली की मालावर ती उठून येते आणि ते काम सोपे पडे. नव्या संचांत त्या खोदलेल्या असतात आणि काही छंदिष्ट काळी शाई भरून त्या अधिकच ठळक करतात. दहा-वीस पावलांवरून खऱ्या विमानाकडे पाहणाऱ्याला बहुतेक फटी दिसतही नाहीत. त्यामुळे आजची अनेक बक्षीसपात्र विमाने जुन्या, साध्या प्रतिकृतींपेक्षा देखणी असली तरी खऱ्याच्या जवळ आहेतच असे नाही, आणि स्पर्धांच्या परीक्षकांनी हा भेद पुरेसा पाहिला नाही, असे म्हणावे लागते.

बिनचूकपणाची पातळी उंचावण्यात जपानचा वाटा मोठा आहे. शिझुओका शहरातील तामिया ही कंपनी १९४६ मध्ये लाकूड-व्यवसाय म्हणून सुरू झाली, लाकडी प्रतिकृतींवरून १९६० मध्ये प्लॅस्टिकवर आली आणि भाग एकमेकांत तंतोतंत बसण्याबद्दल तिचे नाव झाले. हासेगावा ही दुसरी ख्यातनाम कंपनी शेजारच्याच याइझू शहरातली. एअरफिक्सचे बळ वेगळे होते. १९६४ पासून दहा वर्षे तिच्या खोक्यांवरची चित्रे काढणारे रॉय क्रॉस हे युद्धकाळात विमान-कारखान्यात तांत्रिक चित्रकार होते, आणि त्यांच्या चित्रातला झगडा आतल्या करड्या तुकड्यांत पाहण्याची सवय एका पिढीला लागली.

कंपन्या बुडाल्या तरी साचे टिकले. फ्रॉगचा व्यवसाय १९७० च्या दशकात संपला तेव्हा तिचे बरेच साचे सोव्हिएत संघात गेले आणि तेथून ‘नोवो’ या नावाने तेच संच पुन्हा निघाले. जर्मन आणि जपानी विमानांचे साचे मात्र सोव्हिएतांनी घेतले नाहीत, ते रेवेल या कंपनीकडे गेले. एअरफिक्स १९८१ मध्ये दिवाळखोरीत निघाली, तिचे साचे अमेरिकी मालकीखाली फ्रान्समधील कॅले येथे गेले आणि १९८६ मध्ये रंग बनवणाऱ्या हंब्रोलकडे आले. २००६ मध्ये बहुतेक संच ओतून देणारी फ्रेंच कंपनी हेलर अडचणीत आली, पाठोपाठ हंब्रोलही कोसळली, आणि त्याच वर्षी रेल्वे-प्रतिकृतींसाठी प्रसिद्ध असलेल्या हॉर्नबी कंपनीने एअरफिक्स विकत घेतली. पुढील दशकात एअरफिक्सच्या कित्येक खोक्यांवर ‘मेड इन इंडिया’ छापलेले होते, म्हणजे ब्रिटनच्या आकाशयुद्धातली विमाने भारतातील यंत्रांवर ओतली जात होती. भारतीय ग्राहकांतल्या फार थोड्यांना याची कल्पना असेल.

भारतीय विमाने करू पाहणाऱ्याची वाट अधिक खडतर असते. १९६५ च्या युद्धात गाजलेले नॅट हे विमान १:७२ मध्ये जेमतेम साडेनऊ सेंटिमीटर पंखांचे होते, आणि ब्रिटिश प्रशिक्षण-आवृत्तीचा संच सहज मिळाला तरी भारताने वापरलेली एकआसनी लढाऊ आवृत्ती निराळी असते. मिग-२१ चे संच भरपूर आहेत. पण नाशिकजवळच्या ओझर येथे हिंदुस्तान एअरोनॉटिक्सने परवान्याखाली बांधलेली मिग-२१ एफएल ही आवृत्ती करायची, तर इतर आवृत्त्यांपासूनचे तिचे फरक ध्यानी घ्यावे लागतात. १९७१ च्या युद्धकाळात काही एफएल विमानांच्या चकचकीत धातूच्या अंगावर तळावरच घाईने हिरवे पट्टे ओढले गेले. त्यांची धाटणी विमानागणिक वेगळी होती, त्यामुळे ठरावीक क्रमांकाच्या विमानाचे, ठरावीक महिन्यातले छायाचित्र हाच एकमेव भरवशाचा पुरावा उरतो. हवाई तळांवर छायाचित्रणाला मनाई असल्यामुळे असे पुरावे मुळातच कमी आहेत. एफएल आवृत्ती डिसेंबर २०१३ मध्ये आणि मिग-२१ चे अखेरचे स्क्वाड्रन सप्टेंबर २०२५ मध्ये सेवेतून गेले, आणि आता नवे छायाचित्र निघण्याची शक्यता संपली. ओझरच्या कारखान्यात किंवा हवाई दलात नोकरी केलेल्यांच्या घरी निरोप-समारंभाचे, स्क्वाड्रनच्या गटाचे, मागे विमान उभे असलेले एखादे जुने छायाचित्र असेल, तर त्याच्या मागे वर्ष, ठिकाण आणि शेपटीवरचा क्रमांक पेन्सिलने लिहून ठेवावा, आणि ते रद्दीत जाऊ देऊ नये.