महासंगणकाची पाळी कशी मिळते?



कालव्याचे पाणी हवे असल्यास आपण नमुना नंबर ७ वर मागणी अर्ज भरतो, पीक व क्षेत्र लिहितो आणि शेजपाळीत नंबर येण्याची वाट पाहतो. विद्यापीठातील सामाईक महासंगणक वापरण्याची रीतही बरीचशी अशीच आहे. आपली मुले कृषी पदव्युत्तर शिक्षण घेत असतील किंवा आपल्या रानात विद्यापीठाची चाचणी असेल, तर ही रीत आपल्यालाही माहीत असावी.

एका विद्यार्थिनीच्या वडिलांनी सप्टेंबरात मला विचारले, "सर, पोरीचं काम तीन आठवडे अडकलंय. कुणाच्या ओळखीनं नंबर पुढं घेता येतो का?" त्यांच्या रानात हरभऱ्यावर मर फार येते, म्हणून चाचणी तिथेच होती. कोणते वाण पुन्हा पेरायचे हे पेरणीपूर्वी ठरले नाही, तर वर्ष वाया जाणार होते.

हरभऱ्याचा जनुकसंच २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. तो सुमारे ७४ कोटी अक्षरांचा आहे. शेकडो वाणांची अशी माहिती एकमेकींशी ताडून पाहणे घरच्या संगणकाचे काम नव्हे. त्यासाठी अनेक संगणक वेगवान तारांनी जोडून एकत्र राबवतात. यालाच क्लस्टर म्हणतात. भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या नवी दिल्ली येथील कृषी सांख्यिकी संस्थेत २०१४ मध्ये 'अशोका' ही अशीच यंत्रणा सुरू झाली. तिच्या मुख्य समूहात २५६ संगणक व ३०७२ कोर होते. कोर म्हणजे गणित करणारा एक मजूर समजा.

प्रवेश सहसा मार्गदर्शक प्राध्यापकांच्या प्रकल्पामार्फत मिळतो. अर्जात कामाचे स्वरूप, लागणारे सॉफ्टवेअर, कोर, मेमरी, साठवणीची जागा व वेळ लिहावी लागते. काही केंद्रे शुल्क घेतात, ते आधी विचारून घ्यावे. मंजुरीनंतर नाव व पासवर्ड मिळतो. तो मित्रालाही देऊ नये. आत शिरल्यावर जो संगणक प्रथम लागतो, तो फक्त काम नोंदविण्यासाठी असतो. तेथेच गणित सुरू करणे म्हणजे पाटाच्या तोंडाशी मोटार बसविणे. सर्वांचीच अडचण होते.

पुढची पाळी शेड्यूलर नावाची प्रणाली लावते. तिच्यापुढे ओळख चालत नाही. मात्र मागणी कशी केली आहे, याला फार महत्त्व आहे. या मुलीचा प्रोग्राम एका वेळी चारच कोर वापरू शकत होता आणि तिने चार पूर्ण संगणक सात दिवसांसाठी मागितले होते! एका ओळीत वीस बायका निंदायला लावल्या म्हणून ती ओळ लवकर उरकत नाही. एवढी मोठी जागा एकदम रिकामी होईपर्यंत तिचे काम रांगेतच राहिले.

आम्ही आधी दोन वाणांवर नमुना चालवून वेळ मोजली. मग प्रत्येक वाणाचे वेगळे छोटे काम केले, चार कोर व सहा तासांचे. मोठ्या कामांच्या मधल्या फटीत अशी कामे शेड्यूलर घुसवतो. वेळ मात्र मोजलेल्यापेक्षा थोडी जास्तच मागावी, कारण मुदत संपताच काम अर्धवट असले तरी बंद होते.

आणखी एक गोष्ट विद्यार्थी हमखास विसरतात. क्लस्टरवरील तात्पुरत्या जागेतील फायली ठराविक दिवसांनी पुसल्या जातात. निकाल आला की त्याच दिवशी प्रत काढून घ्यावी.

वाणांची यादी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात हाती आली. वडिलांनी पाच गुंठ्यांत निवडक वाण पेरले आहेत. मरीपुढे ते कितपत टिकतात, हे अजून दोन हंगाम पाहावे लागेल.