फळ्यावरचे अक्षर आणि पालकांचा अर्ज

दुसरी-तिसरीतील मूल फळ्यावरचा मजकूर अर्धवट उतरवून आणते, वाचताना पुस्तक नाकाशी धरते, खेळताना हातातला झेल सोडते. प्रगतिपुस्तकावर ‘लक्ष देत नाही’ असा शेरा येतो आणि घरी बोलणी बसतात. मूल मात्र तक्रार करीत नाही; अनेकदा जग त्याला पहिल्यापासून तसेच दिसत आलेले असते. त्याच्या वतीने बोलण्याची जबाबदारी म्हणूनच पालकांवर येते.

पहिले पाऊल नेत्रतपासणीचे. एका डोळ्याची नजर मंद असल्यास मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करू लागतो. योग्य चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी हे उपचार साधारणतः सात वर्षांच्या आत सुरू झाल्यास अधिक गुणकारी ठरतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून अंगणवाड्यांत आणि शासकीय व अनुदानित शाळांत मुलांची तपासणी करतात. तथापि देवळ्यात राहणाऱ्या किंवा तालुक्यातील मळ्यांत वस्ती करणाऱ्या पालकांनी शंका येताच पथकाची वाट न पाहता नेत्रतज्ज्ञांना गाठणे हिताचे.

दुसरे पाऊल शाळेचे. ‘डोळे अधू आहेत, जरा लक्ष ठेवा’ एवढे मोघम सांगून भागत नाही. डॉक्टरांच्या अहवालासह मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्यावा, त्याची पोच घ्यावी आणि गरजा नेमक्या मांडाव्यात. पहिल्या बाकावर, पण खिडकीचा झोत डोळ्यांवर येणार नाही अशी जागा. फळ्यावर लिहिताना मजकूर मोठ्याने उच्चारणे. ठळक अक्षरांतील प्रश्नपत्रिका. चष्मा वा पट्टी काढली जाणार नाही आणि त्यावरून थट्टा होणार नाही याकडे लक्ष. यांतील बहुतेक गोष्टींना खर्च येत नाही.

चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची दृष्टी ६/१८ पेक्षा कमी असेल, म्हणजे निरोगी डोळ्याला १८ मीटरवरून दिसणारे ६ मीटरवरूनही दिसत नसेल, तर दिव्यांगत्वाची तपासणी अवश्य करून घ्यावी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार शासनमान्य शाळांनी अशा मुलाच्या गरजेनुसार वाजवी सोयी करावयाच्या आहेत. दिव्यांगत्व ४० टक्के वा अधिक प्रमाणित झाल्यास १८ वर्षांपर्यंत पुस्तके, अध्ययनसाहित्य व सहायक साधने विनामूल्य मिळण्याची तरतूद आहे. परीक्षेत जादा वेळ व लेखनिक यांचाही कायद्यात उल्लेख आहे. पंचायत समितीच्या शिक्षण विभागात गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे याविषयी चौकशी करता येते.

अनेक पालक संकोचाने गप्प बसतात. ‘लोक काय म्हणतील’ ही भीती असते, मुलीच्या बाबतीत तर अधिकच. परंतु त्या मौनाची किंमत मूल मोजते. शिक्षकांशी बोलताना सूर नम्र असावा, मागणी मात्र स्पष्ट असावी. दर जूनमध्ये वर्ग बदलतो, बहुधा वर्गशिक्षकही बदलतात. तेव्हा गतवर्षीच्या अर्जाची प्रत आणि डोळ्यांचा ताजा अहवाल घेऊन पालकांनी पहिल्याच आठवड्यात पुन्हा शाळेत जावे.