तालीम घरात आणताना: थोड्या पैशांत ताकदीचा व्यायाम

मंडळाच्या कार्यक्रमात आरती झाली, प्रसाद झाला की सतरंजीवरची मंडळी उठू लागतात. तो क्षण एकदा नीट पाहावा. लहान मुले टुणकन उठतात. तिशी-पस्तिशीची मंडळी एक हात टेकवतात. पन्नाशीपुढच्यांचा एक हात गुडघ्यावर आणि दुसरा भिंतीवर असतो. सत्तरीच्या आजींना तर दोघांनी धरून उठवावे लागते, नाहीतर त्यांच्यासाठी आधीच खुर्ची मांडलेली असते. आपण याला ‘वय झालं’ म्हणतो आणि सोडून देतो. पण यात वयाचा वाटा आपण समजतो त्यापेक्षा कमी आहे. बराच वाटा न वापरलेल्या स्नायूंचा आहे, आणि तो घरच्या घरी भरून काढता येतो. त्यासाठी काय करावे आणि खर्च कसा आखावा, हे या लेखात मांडत आहोत.

घरातले ओझे गेले

आपल्या आज्यांच्या काळी घरातच व्यायामशाळा होती, फक्त तिला तसे कुणी म्हणत नव्हते. पहाटे जाते ओढायचे, उखळात मुसळ चालवायचे, आडातून पाणी शेंदायचे, घागर कमरेवर घेऊन यायचे. पुरुष ज्वारीची पोती पाठीवर वाहायचे. ते दिवस चांगले होते असे आम्ही म्हणणार नाही. त्या कष्टांना विश्रांती नव्हती, पोटभर खाणे नव्हते, आणि बायकांच्या तर पाठी मोडल्या. गिरणी आली, नळ आला, मिक्सर आला, हे चांगलेच झाले.

मात्र ओझ्याबरोबर शरीराला रोज मिळणारे कामही गेले, आणि त्याच्या जागी आपण काहीच आणले नाही. तिशीनंतर स्नायू दर दशकाला साधारण ३ ते ८ टक्के घटतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. चालायला जाणे हृदयासाठी उत्तम आहे, पण तेवढ्याने ही घट थांबत नाही. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत चालण्या-फिरण्याबरोबर सर्व प्रौढांनी आठवड्यातून किमान २ दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम करावा, असे स्वतंत्रपणे सांगितले आहे. ६५ वर्षांपुढच्यांसाठी त्यात तोल सांभाळण्याचे व्यायामही ३ दिवस आहेत.

आपण कुठे आहोत हे पाहायचे असेल तर एक साधी चाचणी आहे. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवर बसावे, हात छातीवर दुमडावेत आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहता येते ते मोजावे. ६५ ते ६९ वयाच्या स्त्रीला ११ पेक्षा कमी आणि पुरुषाला १२ पेक्षा कमी वेळा जमले, तर पायांची ताकद सरासरीच्या खाली आहे आणि पडण्याचा धोका वाढला आहे असे समजतात.

तालमीत काय होते

आपल्या भागाला ताकदीचा व्यायाम नवा नाही. १९५६ पर्यंत बीदर जिल्हा हैदराबाद संस्थानातून आलेल्या राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ ला उदगीर, अहमदपूर, निलंगा तिकडे गेले आणि आपण म्हैसूर राज्यात आलो. पण कुस्तीला ही सीमा कधी कळली नाही. मराठीत जी तालीम, तीच कन्नडमध्ये गरडी मने. लाल मातीचा हौद, त्या मातीत हळद, ताक, तेल आणि लिंबू, कोपऱ्यात मारुती, आणि शब्द चालतो तो वस्तादाचा. उत्तर कर्नाटकातल्या जत्रांत संग्राणी कल्लु म्हणजे जड दगड उचलण्याच्या शर्यती होतात, तशाच महाराष्ट्रात दगडी गोटे उचलले जातात. याच मातीतल्या कुस्तीतून कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव घडले आणि १९५२ मध्ये हेलसिंकीहून स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन आले.

तालमीतले सामान आठवा: मुद्गल, करेला, दगडी नाल, मल्लखांब, चढायचा दोर. सगळे गावच्या सुताराने, पाथरवटाने केलेले. बाकी व्यायाम म्हणजे जोर, बैठका, सपाट्या. त्यांना लागते ते स्वतःचे वजन. कमी खर्चाचा जिम म्हणतात तो यापेक्षा वेगळा काय असतो?

पण तालमीच्या दोन उणिवाही मान्य केल्या पाहिजेत. एक, तिथे मुलींना आणि बायकांना जागा नव्हती. दोन, शेकडो बैठका मारल्याने दम वाढतो, पण एका मर्यादेनंतर ताकद तितकी वाढत नाही. घरी तालीम आणताना या दोन्ही उणिवा दूर करता येतात.

खरी गोष्ट: ओझे हळूहळू वाढवणे

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी थॉमस डिलॉर्म नावाच्या अमेरिकी लष्करी डॉक्टरांनी जखमी सैनिकांच्या कमजोर पायांना वजन बांधून व्यायाम दिला आणि ते वजन टप्प्याटप्प्याने वाढवत नेले. त्याआधी अशा रुग्णांना हलके वजन पुष्कळ वेळा उचलायला लावत. डिलॉर्म यांची पद्धत अधिक परिणामकारक ठरली. आज जिममध्ये सर्रास ऐकू येणारे ‘दहाचे तीन सेट’ त्यांच्याच कामातून रूढ झाले.

‘आता या वयात काय’ असे म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक उदाहरण. १९९० मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या १० अशक्त माणसांना देखरेखीखाली ८ आठवडे पायांचा वजनी व्यायाम दिला. नऊ जणांनी तो पूर्ण केला. त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीत हे होत असेल, तर पासष्टीच्या काकूंना सतरंजीवरून आपले आपण उठता येणे अवघड नाही.

नियम सोपा आहे. एखादी हालचाल ८ ते १२ वेळा केल्यावर शेवटचे दोन-तीन जड वाटले पाहिजेत. सलग दोन दिवस १२ सहज झाले की वजन थोडे वाढवावे, किंवा हालचाल थोडी अवघड करावी. एका स्नायूला एक दिवस काम दिले की दुसऱ्या दिवशी विश्रांती द्यावी. आणि केलेले वहीत लिहून ठेवावे. वही नसेल तर ओझे वाढते आहे की नाही हे कळत नाही.

पाच हालचाली पुरतात

१. बसून उठणे. ज्येष्ठांनी खुर्चीवरून, तरुणांनी पूर्ण बैठक. सोपी झाली की छातीशी वजन धरावे.

२. ढकलणे. आधी भिंतीवर हात टेकून, मग ओट्यावर, मग पलंगाच्या कडेवर आणि शेवटी जमिनीवर जोर. जमिनीवरच्या जोरात शरीराचे साधारण दोन तृतीयांश वजन हातांवर येते. भिंतीवर त्याचा थोडाच भाग येतो. म्हणून पायऱ्या गाळू नयेत.

३. ओढणे. जात्याबरोबर आणि दोराबरोबर आपल्याकडून हीच हालचाल हरवली. एक हात पलंगावर टेकून वाकावे आणि दुसऱ्या हाताने भरलेला कॅन कमरेपर्यंत ओढावा. ज्यांना जमेल त्यांनी बारला लटकावे.

४. जमिनीवरून उचलणे. पाठ सरळ, ओझे अंगाजवळ, जोर मांड्यांतून आणि नितंबांतून. गॅसचा सिलिंडर हलवताना ज्यांची कंबर धरते, त्यांनी हे हलक्या वजनाने शिकावे.

५. वाहून नेणे. दोन्ही हातांत सारखे वजन घेऊन अंगणात ताठ चालावे. घागरीचेच काम, पण दोन्ही बाजूंना सारखे आणि आपल्या मर्जीने.

आधी पाच मिनिटे हातपाय मोकळे करावेत. मग प्रत्येकाचे २ ते ३ सेट, मध्ये दीड-दोन मिनिटे विश्रांती. सोमवार, बुधवार, शुक्रवार असे तीन दिवस, रोज अर्धा-पाऊण तास.

खर्चाचा आराखडा

भाव बदलत असतात, म्हणून पुढचे आकडे अंदाजाचे धरावेत. आमचा आग्रह क्रमाचा आहे: आधी सवय, मग सामान.

पहिले दोन महिने: शून्य रुपये. पाच लिटरच्या तेलाच्या कॅनमध्ये पाणी भरले तर ५ किलो होतात, कोरडी वाळू भरली तर सुमारे ८ किलो. शाळेच्या सॅकमध्ये तूरडाळीची एक-एक किलोची पाकिटे घातली तर वजन अगदी मोजून वाढवता येते. रिकाम्या युरियाच्या गोणीत जाड प्लास्टिकच्या पिशवीत भरलेली १० किलो वाळू घालून तोंड शिवले की उचलायचे ओझे तयार. गोणी आधी स्वच्छ धुऊन वाळवावी.

सवय टिकली तर: दोन ते तीन हजार. चांगली मॅट आणि रबरी बँडचा संच. बँड उन्हात ठेवू नयेत, आपल्याकडच्या उन्हात रबर लवकर तडकते. प्रत्येक वेळी ताणण्याआधी चीर पाहावी. लटकण्यासाठी वेल्डिंगवाल्याकडून एक इंची ‘सी’ क्लास जीआय पाइपचा बार करून घ्यावा. तो विकतच्या दारात अडकवायच्या बारपेक्षा भक्कम होतो.

सहा महिने सातत्य राहिले तर: आणखी सात-आठ हजार. डंबेलचे दोन दांडे, ३० किलोपर्यंत लोखंडी प्लेट आणि एक साधा बाक. प्लेट किलोच्या भावाने मिळतात आणि लोखंड जुने झाले म्हणून बिघडत नाही, त्यामुळे जुन्या घ्यायला हरकत नाही. फक्त प्लेटचे भोक आणि दांड्याची जाडी जुळते का, हे तिथेच बसवून पाहावे आणि घट्ट बसणारे लॉक मागून घ्यावेत. दीड-दोन किलोच्या छोट्या प्लेट जास्त घ्याव्यात, कारण वाढ लहान पायऱ्यांनीच होते.

घेऊ नये असे: सुरुवातीलाच ट्रेडमिल, पोट हलवणारे पट्टे, हप्त्यावरचे मोठे यंत्र. आमच्यातल्या अनेकांच्या घरी असे यंत्र आहे. त्यावर टॉवेल छान वाळतात.

गल्लीतल्या चार घरांनी मिळून सामान घेतले तर प्रत्येकी खर्च चौथा हिस्सा होतो. शिवाय शेजारी येऊन उभा राहिला की दांडी मारता येत नाही.

जागा

सहा फूट बाय आठ फूट जागा पुरते. आपल्याकडे बहुतेक घरांत शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातून आलेली शहाबादी फरशी आहे. घामाने ती निसरडी होते, आणि प्लेट पडली तर तडकते. वजनाखाली गोठ्यात घालतात तसली जाड रबरी मॅट घालावी. ती शेतीच्या सामानाच्या दुकानांत मिळते. ज्यांचे घर माळवदाचे आहे त्यांनी जुन्या तुळईला दोर बांधून लटकू नये, वाळवी आतून खाते आणि बाहेरून दिसत नाही. बार आरसीसी बीममध्ये किंवा अंगणात खांब पुरून बसवावा. उन्हाळ्यात गच्चीवरचा व्यायाम सकाळी सात-साडेसातच्या आत संपवावा.

खुराक

पैलवानाचा खुराक म्हटला की बदाम, तूप आणि थंडाई आठवते, आणि आजच्या मुलांना पावडरचा डबा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला सुमारे ५० ग्रॅम. ताकदीचा व्यायाम करणाऱ्यांनी आणि ज्येष्ठांनी त्याहून थोडी जास्त घेतलेली बरी. १०० ग्रॅम कोरड्या तूरडाळीत सुमारे २२ ग्रॅम, शेंगदाण्यात सुमारे २५, ज्वारीत सुमारे १० आणि एका अंड्यात ६ ग्रॅम प्रथिने असतात. ज्वारीची भाकरी, घट्ट वरण, शेंगदाण्याची चटणी, दही आणि एखादे अंडे यांत बहुतेकांची गरज भागते. अडचण एवढीच की आपण वरण पातळ करतो आणि भात वाढवतो. घरातल्या बायका तर उरलेले वरण खातात. त्यांच्या ताटात आधी डाळ वाढावी.

कुणी जपून करावे

रक्तदाब, हृदयविकार, हर्निया, मणक्याचा त्रास, नुकतेच ऑपरेशन झालेले किंवा गरोदर असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी प्रथिने वाढवण्याआधीही विचारावे. वजन उचलताना श्वास कोंडू नये, त्याने रक्तदाब एकदम चढतो. जोर लावताना श्वास सोडावा. दुसऱ्या दिवशी मांड्या दुखणे साहजिक आहे. पण सांध्यात कळ येणे, छातीत दडपण किंवा चक्कर येणे ही थांबण्याची खूण आहे.

शेवटी एक विनंती. हा लेख वाचून कुणी आज काही विकत घेऊ नये. घरातली एक खुर्ची भिंतीला लावावी, घरच्या ज्येष्ठांना बसवावे आणि ३० सेकंद मोजावेत. आकडा तारखेसह वहीत लिहावा. तीन महिन्यांनी त्याखाली दुसरा आकडा लिहायचा आहे, आणि तो मोठा असला पाहिजे.