लग्नाचा फोटो कोणाचा?

लग्नसराई आली की खामगाव, चिखली, मेहकर येथल्या बाजारात पाय ठेवायला जागा नसते. बस्ता बांधायचा असतो. वाजंत्री, मंडप, आचारी ठरवायचे असतात. आणि आता फोटोवाल्यावाचून लग्न होतच नाही.

वाजंत्रीवाले वाजवून घरी जातात. मंडपवाला मंडप सोडून नेतो. फोटोवाल्याजवळ मात्र लग्नानंतरही एक वस्तू राहते. ती म्हणजे आपले चेहरे.

समजा, खामगाव तालुक्यात एका घरी मुलीचे लग्न झाले. दोन महिन्यांनी मुलीचा मामा बाजाराला गेला. एका दुकानाच्या पाटीवर त्याला आपली भाचीच दिसली! अंगावर शालू, कपाळाला मुंडावळ्या, आणि खाली दागिन्यांची जाहिरात. मामाने घरी येऊन सांगितले. मुलीचा बाप तडक फोटोवाल्याकडे गेला.

"भाऊ, माह्या पोरीचा फोटो त्या पाटीवर कसा गेला?"

"काका, फोटो म्याच काढला ना? मंग तो माहाच झाला."

बाप गप्प बसला. त्याला वाटले, असेल बुवा तसे. पण तसे नाही.

आपल्या देशात कॉपीराइटचा कायदा आहे. तो १९५७ साली झाला आणि २१ जानेवारी १९५८ पासून लागू झाला. कॉपीराइट म्हणजे एखाद्या कृतीच्या नकला काढण्याचा, ती छापण्याचा, लोकांपुढे मांडण्याचा हक्क. हा हक्क साधारणपणे कृती करणाऱ्याचा असतो. पण फोटोसाठी कलम १७ मध्ये वेगळे सांगितले आहे. कोणी मोल देऊन, आपल्या सांगण्यावरून फोटो काढून घेतला, तर त्याचा पहिला मालक तो सांगणारा माणूस होय. व्हिडिओचेही तसेच. सुतार तिफण घडवतो, पण मोल देऊन करवून घेणाऱ्याची ती होते. तसेच हे समजा.

मात्र कायद्यात एक अट आहे. उलट करार झालेला नसेल, तरच हे लागू होते. खरी मेख इथेच आहे. काही फोटोवाल्यांच्या पावतीमागे बारीक अक्षरांत मजकूर छापलेला असतो. 'सर्व फोटोंचे हक्क आमच्याकडे राहतील', असे त्यात असू शकते. घाईत आपण खाली सही करतो, आणि हक्क हातचा जातो. पूर्वी अंगठा उठवणाऱ्याला कागदात काय आहे ते कळत नसे. आता आपल्याला वाचता येते. मग पाहुणे खोळंबले तरी चालेल, पण कागद शेवटपर्यंत वाचावा. नको ती ओळ खोडावी आणि तिथे दोघांनी सही करावी. पावतीवर आपणही एक ओळ लिहून घ्यावी: 'आमच्या लेखी परवानगीशिवाय हे फोटो जाहिरातीत किंवा फेसबुक, इन्स्टाग्रामवर घालू नयेत.'

फोटोवाल्याचेही पोट आहे. चार फोटो दाखवल्याशिवाय त्याला नवे काम कसे मिळणार? आमचे त्याला एवढेच म्हणणे आहे, की आधी विचारावे. आणि भाच्याने हौसेने फुकट फोटो काढले असतील, तर त्यांचा कॉपीराइट भाच्याचाच.

आता एक पेच पाहा. फोटोवाला वरपक्षाने ठरवला, तर कॉपीराइट वरपक्षाचा. मग नवरीचे काय? चेहरा तर तिचा आहे! इथे दुसरा हक्क कामी येतो, तो खासगीपणाचा. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितले, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे.

आपल्याच राज्यातली एक गोष्ट आहे. एका खेड्यातल्या बाईचा फोटो ओळखीच्या फोटोवाल्याने काढला. तो फोटो विकणाऱ्या एका अमेरिकन कंपनीच्या संकेतस्थळावर गेला. तिथून तो सरकारी जाहिरातींत झळकला. मला कोणी विचारलेच नाही, असे त्या बाईचे म्हणणे. ती मुंबई हायकोर्टात गेली. मार्च २०२५ मध्ये दोन न्यायाधीशांनी म्हटले, की वरवर पाहता हा धंद्यासाठी फोटोचा वापर आहे आणि आजच्या काळात ही गोष्ट फार गंभीर आहे.

नवरी साडी बदलते त्या खोलीत कॅमेरा नको म्हणजे नको. तिथे चोरून तिचे चित्र घेणे किंवा ते पसरवणे हा गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ प्रमाणे पहिल्या गुन्ह्याला एक ते तीन वर्षे कैद आणि दंड होतो.

आपला फोटो कुठे भलतीकडे दिसला तर आधी भांडायला धावू नये. मोबाइलमध्ये त्या पाटीचे किंवा त्या पानाचे चित्र घेऊन ठेवावे. तारीख लिहावी. पावती जपून ठेवावी. मग फोटो काढून टाका, असे लेखी कळवावे आणि त्याची नक्कल आपल्याजवळ ठेवावी. कोणी मुलीच्या फोटोवर खोटे खाते उघडून लोकांना फसवत असेल, तर सरळ पोलीस ठाणे गाठावे. कॉपीराइटचा दावा जिल्हा न्यायालयात चालतो. वकिलाला पैसे नसले तर बुलढाण्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करावा. तालुक्यालाही विधी सेवा समिती असते. बायकांना तिथे फुकट वकील मिळतो, आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.