केमोथेरपी आणि स्तन्यपान

स्तन्य हा रसधातूचा उपधातू असून मातेच्या आहाराचा परिणाम त्यावर होतो, हे वैद्यबंधूंना नव्याने सांगावयास नको. आहाराप्रमाणे औषधही स्तन्यात उतरते. कन्नड, पिशोर भागातील रुग्णा छत्रपती संभाजीनगर येथे केमोथेरपी घेऊन गावी परततात. पुढील आवर्तनापर्यंत बहुधा तीन आठवडे असतात. या काळात ‘बाळाला पाजू का?’ हा प्रश्न गावातील वैद्यांपुढे किंवा औषध दुकानातच येण्याचा संभव अधिक.

ही औषधे शीघ्र विभाजन पावणाऱ्या पेशींवर आघात करतात. शिशूची अस्थिमज्जा व आतड्याचे अस्तर अशाच पेशींचे असते. सायक्लोफॉस्फमाइड घेणाऱ्या मातेचे दूध पिणाऱ्या बालकाच्या पांढऱ्या पेशी घटल्याची नोंद १९७७ मध्ये ऑस्ट्रेलियातून प्रसिद्ध झाली. १९८५ मध्ये एका मातेच्या दुधात डॉक्सोरुबिसिनचे प्रमाण रक्तरसापेक्षा अधिक आढळले. तिच्याच दुधात सिस्प्लॅटिन मात्र सापडले नाही. पुढे १९८९ मध्ये दुसऱ्या मातेच्या दुधात तेच सिस्प्लॅटिन जवळजवळ रक्तरसाइतके मिळाले. म्हणून ‘दुधात आढळले नाही’ अशा एखाद्या नोंदीवर विसंबून अनुमती देणे धोक्याचे होय. केमोथेरपी चालू असता स्तन्यपान बंद ठेवावे, हाच सर्वसाधारण नियम. ते पुन्हा केव्हा सुरू करावे, हे औषधागणिक बदलते व कर्करोगतज्ज्ञांनीच ठरवावयाचे असते.

मेथोट्रेक्सेटचे प्रकरण निराळे आहे. संधिवात व सोरायसिस यांसाठी ते आठवड्यातून एकदाच, अल्प मात्रेत दिले जाते आणि दुधात फार थोडे उतरते; तरीही त्याविषयी तज्ज्ञांत एकमत नाही. दुकानदारांनी चिठ्ठीवरील आजार व वार पाहावा, बाई अंगावर पाजते काय हे विचारावे आणि तसे असल्यास लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी बोलावे. साप्ताहिक गोळी चुकून रोज घेतली गेल्यास मातेच्याच प्राणांशी गाठ पडते. पाकिटावर वार ठळक लिहावा.

आता आपल्या शास्त्राविषयी. चरकोक्त स्तन्यशोधन गणाने ही औषधे दुधातून निघून जातात, असे मानण्यास आधार नाही. शतावरी कल्प मागणाऱ्या मातेस ‘सध्या कोणते उपचार चालू आहेत?’ असे विचारल्याखेरीज तो देऊ नये. पाजणे बंद करावयाचे असता स्तन्यजनन द्रव्य देणे विपरीतच. एकाएकी पाजणे थांबल्यास स्तन तटतटतात. पांढऱ्या पेशी घटलेल्या मातेत स्तनशोथ झाल्यास तो गंभीर ठरतो. ताण उतरेल इतकेच दूध पिळून टाकून द्यावे. ताप आल्यास घरगुती काढ्यावर न थांबता तिला त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे.

बालकाचे काय? वाग्भटांनी स्तन्याभावी शेळीचे किंवा गाईचे दूध सांगितले आहे. तथापि आज सहा महिन्यांच्या आतील बालकास बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने योग्य प्रमाणात कालवलेले डब्याचे दूध देणे श्रेयस्कर. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ पासून मातृदुग्धपेढी आहे. अशा पेढ्यांतील दूध प्राधान्याने अपुऱ्या दिवसांच्या व आजारी नवजात बालकांसाठी राखलेले असते. डब्याचे दूध विकताना पाण्याचे माप दुकानदारांनी आजीलाही समजावून द्यावे, कारण बहुधा दूध कालवणार तीच.