विजापूर कसें पाहावें ?

प्रवासानें मनुष्य शहाणा होतो असें आपल्याकडे पूर्वापार सांगत आले आहेत. परंतु प्रवास म्हणजे केवळ अंतर तोडणें नव्हे. एका दिवसांत दहा स्थळें गांठून, प्रत्येकापुढें उभ्या उभ्या छायाचित्र काढून, रात्रीं थकून घरीं परतणारा मनुष्य हिंडला पुष्कळ खरा; पण त्यानें पाहिलें किती, हा प्रश्न निराळा. सुटींत सहलीचा बेत करणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या वडील मंडळींस उपयोगीं पडावें म्हणून एखादें ऐतिहासिक शहर स्वस्थपणें कसें पाहावें, याचा विचार येथें केला आहे. उदाहरणासाठीं आम्ही विजापूर घेतों.

विजापूरच कां, असें कोणी विचारील. हें शहर कर्नाटकांत असून इ. स. २०१४ पासून त्याचें सरकारी नांव विजयपुर असें आहे. सोलापुराहून तें सुमारें शंभर किलोमीटरांवर आहे व आगगाडीनें जातां येतें. शिवाय आपल्या इतिहासाचे कित्येक धागे येथेंच गुंतलेले आहेत. शहाजीराजे याच दरबारचे सरदार होते, इ. स. १६५९ मध्यें अफजलखान निघाला तो येथूनच; आणि पहिल्या इब्राहीम आदिलशहाच्या कारकीर्दींत महसुलाच्या दप्तरांत फारसीऐवजीं देशी भाषेस स्थान मिळालें. तेव्हां मराठी मनुष्यास हें परक्याचें शहर नव्हे.

बेत करतांना प्रथम शहराची ठेवण ध्यानांत घ्यावी. मधोमध अर्किल्ला, पूर्वेस गोल घुमट आणि पश्चिमेस तटाबाहेर इब्राहीम रोजा, असे तीन भाग सहज पडतात. म्हणून दोन रात्रींचा मुक्काम धरून प्रत्येक भागास एक वेळ द्यावी. सकाळीं एक मोठी इमारत, दुपारीं विश्रांति, सायंकाळीं एकदोन लहान स्थळें, एवढाच नियम पाळावा. येथला उन्हाळा कडक असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. दुपारचें जेवण सावकाश करावें. ज्वारीची भाकरी, भरलें वांगें व शेंगदाण्याची चटणी हें येथलें अन्न आपल्या ओळखीचेंच आहे. मात्र बोली कानडी, म्हणून चार कानडी शब्द आधीं शिकून गेल्यास लोक प्रसन्न होतात.

पहिल्या दिवशीं दुपारीं पोहोंचल्यावर सायंकाळीं अर्किल्ल्याकडे जावें. गगनमहालाची प्रचंड कमान आणि जवळच बारा कमान नांवाची अपुरी इमारत पाहावी. ही दुसऱ्या अली आदिलशहाची (इ. स. १६५६-१६७२) कबर. आपल्या बापाच्या घुमटासहि मागें टाकील अशी इमारत उठविण्याचा त्याचा मनोदय होता म्हणतात. पण ती पुरी झालीच नाहीं. आकाशाखालीं नुसत्या कमानी उभ्या आहेत. मावळत्या उन्हांत तेथें अर्धा तास बसणें हेंच त्या दिवसाचें पुरेसें काम होय.

दुसऱ्या दिवशीं दार उघडतांच गोल घुमटांत शिरावें. मुहंमद आदिलशहाची ही कबर, तो इ. स. १६५६ मध्यें वारला. घुमटाचा बाहेरील व्यास सुमारें ४४ मीटर आहे आणि त्याखालीं मध्यें एकहि खांब नाहीं. चौकोनी खोलीवर वाटोळा घुमट बसला कसा, हें मुलांनीं तेथेंच उभे राहून समजून घ्यावें. चारी भिंतींतून निघालेल्या आठ कमानी एकमेकींस छेदून वर जातात. त्यामुळें चौकोनाचे कोपरे भरून येतात व माथ्यावर वर्तुळ तयार होतें. घुमटाचा जो भार भिंतींस बाहेर लोटूं पाहतो, त्यास आंत झुकलेल्या या कमानींचें वजन उलट बाजूनें आवरून धरतें. भूमितीच्या पुस्तकांत चौकोन व वर्तुळ शेजारीं शेजारीं असतात. येथें त्यांचा समेट झालेला दिसतो.

कोपऱ्यांतील सात मजली मनोऱ्याच्या जिन्यानें वर गेलें म्हणजे घुमटाच्या आंतील सज्जा लागतो. एकानें भिंतीशीं तोंड नेऊन कुजबुजावें आणि समोरच्या बाजूस दुसऱ्यानें कान द्यावा. वांकड्या भिंतीला धरून आवाज सरकत जातो व शब्द स्पष्ट ऐकूं येतो. परंतु यास शांतता पाहिजे. गर्दी जमून प्रत्येकजण ओरडूं लागला कीं कोणासच कांहीं ऐकूं येत नाहीं. पहाटे जाण्याचें कारण हेंच. जिना अरुंद व चढ उभा आहे. ज्यांचे गुडघे दुखतात अशा वडील मंडळींस आग्रहानें वर ओढूं नये. त्यांस खालीं बागेंत बसवावें, किंवा समोरच्या नगारखान्यांतील वस्तुसंग्रहालय दाखवावें. तें शुक्रवारीं बंद असतें. सायंकाळीं जामा मशीद पाहावी. ती प्रार्थनास्थान आहे, हें विसरूं नये. नमाजाच्या वेळा टाळून, पादत्राणें काढून, हलक्या पावलांनीं आंत जावें. आपल्या मंदिरांत परक्यानें जसें वागावें असें आपणांस वाटतें, तसेंच आपण वागावें.

तिसऱ्या सकाळीं इब्राहीम रोजा. एकाच चौथऱ्यावर कबर व मशीद समोरासमोर, मध्यें कारंज्याचा हौद. भिंतींवर दगडांत कोरलेलीं अक्षरें वेलबुट्टीसारखीं पसरलेलीं. गोल घुमट दुरून मोठा दिसतो. रोजा जवळ गेल्यावर मोठा होतो. येथें विसावलेला दुसरा इब्राहीम (इ. स. १५८०-१६२७) संगीताचा भोक्ता असून त्यानें ‘किताब-ए-नवरस’ हा गीतांचा ग्रंथ दखनी भाषेंत रचला व त्यांत सरस्वतीचें स्तवन केलें. परतांना तटावरील मुलूख-मैदान तोफ पाहावी. ती इ. स. १५४९ मध्यें अहमदनगर येथें, म्हणजे हल्लींच्या अहिल्यानगरास, ओतली गेली. वजन सुमारें पंचावन्न टन, आणि तोंड हत्तीस गिळणाऱ्या सिंहाचें. जवळच इ. स. १५८४ मधील उपली बुरूज आहे. त्याच्या बाहेरून फिरणाऱ्या पायऱ्या चढून गेल्यास सारें शहर एका दृष्टीक्षेपांत येतें. हा बुरूज शेवटीं ठेवावा, कारण पाहिलेलीं स्थळें वरून ओळखण्यांत एक निराळा आनंद आहे.

एवढ्यानें विजापूर संपत नाहीं. आसार महाल, मेहतर महाल, ताज बावडी हीं राहिलींच. राहूं द्यावीं. जें राहतें त्यासाठीं पुन्हां येतां येतें. जें धांवत पाहिलें तें मात्र पाहिलें या समजुतीनें कायमचेंच हातचें जातें. परमेश्वरानेंहि सृष्टि निर्माण करून ती चांगली आहे असें पाहिलें व मग विसांवा घेतला, असें आपण शास्त्रांत वाचतों. थांबून पाहणें हा विसांव्याचाच भाग आहे, आळस नव्हे.

इ. स. १६८६ मध्यें औरंगजेबानें हें राज्य बुडविलें. सिंहासन गेलें, फौज गेली. गवंड्यांनीं व पाथरवटांनीं प्रामाणिकपणें केलेलें काम तेवढें उभें आहे, आणि त्यांतील बहुतेकांचीं नांवें कोणास ठाऊक नाहींत. अशा भिंतीवर खिळ्यानें आपलें नांव ओरखडणाऱ्या प्रवाशास काय म्हणावें ? आमच्या विद्यार्थ्यांनीं तसें कदापि करूं नये. नांव कोरण्याची हौस असेलच, तर रोज रात्रीं आपल्या वहींत त्या दिवशीं नीट पाहिलेल्या एका वस्तूचें वर्णन लिहून त्याखालीं तें घालावें.