लेखासोबतचा फोटो कुणाचा?

रत्नागिरी जिल्ह्यात कशेळीच्या सड्यावर कातळात कोरलेला हत्ती आहे. भर दुपारी तो नीट दिसत नाही. ऊन कललं, की रेषांमध्ये सावली भरते आणि अख्खं जनावर उठून दिसतं. त्या उजेडासाठी थांबून काढलेला फोटो मी लेखासोबत एका दिवाळी अंकाला दिला. मानधनही मिळालं. पुढे तोच फोटो एका कॅलेंडरवर छापलेला दिसला, खाली नाव नाही. विचारलं तर उत्तर आलं, "अंकवाल्यांनी दिला. त्यांनी पैसे दिलेत ना तुम्हाला?"

पैसे दिले म्हणजे फोटो विकत घेतला, हा समज सर्रास आढळतो. कॉपीराइट कायदा, १९५७ तसं म्हणत नाही. लेख ही साहित्यकृती, फोटो ही कलाकृती. दोन्हींचे हक्क स्वतंत्र. मी आपणहून काढलेल्या फोटोचा मालक मीच. ती मालकी दुसऱ्याला द्यायची, तर माझ्या सहीचा लेखी करार लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच.

खरी मेख पुढे आहे. मासिकानं सांगून, मोबदला देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळं काही ठरलं नाही, तर पहिला मालक मासिक ठरतं. पगारी छायाचित्रकाराचं आणखी निराळं : नियतकालिकात छापण्यापुरता हक्क मालकाचा, बाकीचा त्याचा, अर्थात करारात वेगळं काही नसेल तर. मात्र मालकी कुणाकडेही गेली, तरी फोटो आपला म्हणण्याचा हक्क काढणाऱ्याकडेच राहतो.

म्हणून आता फोटो पाठवतानाच मेलमध्ये लिहितो : 'लेखाचं मानधन वेगळं, फोटोंचं वेगळं. फोटो यंदाच्या अंकात एकदा छापण्यासाठी. वेबसाइट, पुस्तक, कॅलेंडर यांसाठी आधी विचारावं. श्रेय फोटोखाली द्यावं.' संपादकाचा होकार आला, की मगच मोठ्या आकाराची फाइल देतो. आजवर एकाही चांगल्या संपादकानं याला हरकत घेतलेली नाही. कुठला फोटो कुठे वापरता येईल, हे त्यांनाही स्पष्ट हवंच असतं. नव्यानं लिहिणाऱ्या, फोटो काढणाऱ्या मुलामुलींना माझं कळकळीचं सांगणं आहे : मानधन कितीही कमी असो, ह्या चार ओळी लिहायला संकोचू नका.